मुठीमुठीनं भरलेलं सूप

मित्रांनो, जव्हारच्या बाजाराजवळच्या या दवाखान्यात तुम्ही आलात की तुमचे डोळे आधी रंगीत बाटल्यांकडे जातात, मग डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीकडे, आणि मग भिंतीवर माझ्याकडे. "दवाखान्यात हे कशाला टांगलंय?" असं तुमच्यातला एक तरी विचारतोच. तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी एक जुनं सूप आहे. बांबूचं, शेणानं सारवलेलं, डाव्या कडेला वीतभर चीर पडलेलं. आता माझ्यात नागली, म्हणजे तुमची नाचणी, पाखडायला घेतलीत, तर अर्धी जमिनीवर सांडेल. तरीही मला कुणी चुलीत घातलेलं नाही, आणि का घातलं नाही ती गोष्ट मोठी अभिमानाची आहे. सुपानं फुशारकी मारू नये, हे मला कळतं. पण आज थोडी मारणार आहे.

माझा जन्म वांगणीचा. तिथं हौशी नावाची एक बाई राहायची. अमावास्येच्या आसपास तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं तिचं म्हणणं, म्हणून ती दिवस बघून रानात जायची. कोयत्यानं बांबू चिरायची, पट्ट्या ओढ्यात भिजत घालायची आणि मग अंगणात पाय पसरून विणायला बसायची. विणताना तिची सून शेजारी बसून शिकत असे. हौशी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "घट्ट विणावा गो. दाणा गळला त तो सूप कसला?"

तिनं मला एवढं घट्ट विणलं, की मी पहिल्या दिवसापासून अंमळ ताठच होतो.

जव्हारच्या बाजारात मला नवशीनं हौशीकडून घेतलं. तिनं मला उलटं केलं, सुलटं केलं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि डोक्यावर पालथं घालून थेट मोखाड्याच्या वाटेला लागली. पोशेऱ्याच्या डोंगराखालच्या पाड्यावर तिचं घर होतं. तिथं माझी खरी नोकरी सुरू झाली. भात, नागली, वरई, जे खळ्यावर येईल ते मी पाखडलं. मनगटाचा झटका नवशीचा, वारा डोंगराचा आणि कौतुक माझं. शेजारणी मला उसनं मागून न्यायच्या आणि परत देताना म्हणायच्या, "नवशे, तुझा सूप लय चांगला."

आमच्यावर एक म्हण आहे, तुम्ही ऐकली असेल : जात्यातले रडतात, सुपातले हसतात. ही म्हण ज्यानं केली, त्यानं कधी सुपाला विचारलेलं दिसत नाही. माझ्यात हसणारा दाणा मी तरी पाहिला नाही. घटकाभरानं आपलीही पाळी आहे, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

नवशीचा नवरा सुकऱ्या हा पाड्याचा भगत. कुणी आजारी पडलं, कुणाची झोप उडाली, कुणाचं पोर दचकून उठायला लागलं, की माणसं सुकऱ्याकडे यायची आणि तो सुपात दाणे टाकून देवाला विचारायचा. एका पावसाळ्यात उंदरांनी त्याचं सूप कुरतडलं, तेव्हा त्यानं मला खुंटीवरून काढलं. नवशी चार दिवस धुसफुसत होती. मी मात्र हवेत होतो. कालपर्यंत भुसा उडवणारा मी, आता देवाशी बोलायला लागलो!

सुकऱ्याची पद्धत सांगतो. आलेल्या माणसाला तो आधी बसवायचा, पाणी द्यायचा आणि विचारायचा, "जेवलास का?" मग माझ्यात मूठभर नागली टाकायचा आणि दोन दोन दाणे बाजूला सारत जायचा. शेवटी जोडी उरली तर देवाचा होकार, एकटा दाणा उरला तर नकार. हात असे चालू असताना तोंडही चालू असे. घरात कोण कोण असता? भावाशी बोलणं का बंद केला? म्हातारी गेली तेव्हा तू कुठं व्हतास? दाणे सरेपर्यंत समोरच्या माणसानं पोटातलं सगळं ओकलेलं असे आणि त्याचं ओझं निम्मं उतरलेलं असे. मी समजत होतो की ही सगळी करामत माझी.

मग ते मानमोडीच्या तापाचं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचं वर्ष उजाडलं. नागली पिकायला आली होती, आणि कापणीआधीच घराघरात माणसं आडवी झाली.

आमच्या पाड्यावर ढवळू आणि माघी हे एक जोडपं होतं. त्यांची मुलगी धाकली नऊ वर्षांची. झाडावरच्या चिमण्या एखादे वेळी गप्प बसतील, पण ही बसायची नाही. तिचा भाऊ बारक्या तीन वर्षांचा, आणि त्याचा मुक्काम सदा तिच्या कडेवर. त्या तापानं बारक्याला नेलं. त्या दिवसापासून धाकलीचं तोंड मिटलं. ती बोलेना, रडेना. नागलीची भाकर पुढं केली की तोंड फिरवायची. उकडलेले कंद कुणी हातात दिले तर तेवढे खायची. महिन्याभरात पोर काडीसारखी झाली. तिकडे माघी दारातल्या मेढीच्या खांबाला टेकून बसायची ती बसूनच. चूल पेटवायचं भानही तिला उरलं नाही. ढवळू एकटाच कापणी करी, एकटाच रांधी, आणि रांधलेलं दोघीही खात नसत.

शेवटी त्यानं लेकीला उचलून सुकऱ्याकडे आणलं.

मित्रांनो, इथं मला खाली मान घालून सांगावं लागतं. सुकऱ्या त्या महिन्यात अकरा घरची मर्तिकं करून थकून गेला होता. दारात पाडा जमला होता. त्यानं धाकलीला पाणी दिलं नाही, जेवलीस का म्हणून विचारलं नाही. पोर बोलतच नाही, तर विचारायचं काय, असं त्याला वाटलं असेल. त्यानं सरळ मला तिच्यापुढं ठेवलं आणि मूठभर नागली टाकली.

धाकलीनं दाणे पाहिले मात्र, ती किंचाळली. असं काही किंचाळली, की अंगणातली कोंबडी उडाली. तिनं मला लाथ मारली. मी जाऊन मेढीवर आपटलो आणि नागली चहूकडे उधळली.

"सुपाला भ्याली," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

सुकऱ्यानं मान वर केली. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. भगतानं काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि तो बोलून गेला, "सुपाला भ्याली. हिच्यात भुताळी हाय."

भुताळी म्हणजे मंत्र घालून माणसांचा जीव खाणारी बाई, असं आमच्याकडे मानत. हा शब्द कुणावर पडला, की त्या घराचं सूप वाजलंच म्हणायचं. दिवस कलायच्या आत तो पाडाभर फिरला आणि फिरता फिरता त्याला शेपटं फुटली. बारक्याला हिनंच खाल्ला, असं म्हणण्यापर्यंत लोकांची मजल गेली. पाड्याचा कारभारी सोम्या ढवळूच्या दारात येऊन बजावून गेला, "पौषाच्या पुनवेपर्यंत बघू. उतार पडला नाय त तुम्ही दुसरा मुलूख बघा."

झोपडी, शेताचा तुकडा, घरचे देव, सगळं सोडून जायचं, आणि तेही नऊ वर्षांच्या मुलीवर तो शब्द लादून. धाकली पाण्यावर आली की बायका घागरींवर पदर धरायला लागल्या. कालपर्यंत तिच्याबरोबर खेळणारी पोरं तिला पाहून पळायला लागली. मी खुंटीवरून सगळं पाहत होतो. देवाशी बोलणारं सूप म्हणे! मला माझीच लाज वाटत होती.

सगळ्यात जास्त चिडली ती नवशी. एके सकाळी तिनं मला काढलं, माझ्या कडेला अडकलेले नागलीचे दाणे नखानं सोडवले आणि नवऱ्यापुढं उभी राहिली.

"तू पोरीला काय इचारला?"

"ती बोलं नाय. मंग काय इचारू?"

"म्हणून दाण्यांना इचारला! दाण्यांना काय तोंड हाय?" नवशीनं मला त्याच्या मांडीवर आदळलं. "जव्हारला तो टिपणीस डाक्तर हाय. हौशीच्या नातवाला फेफरा यायचा, त्याला बरा केला त्यानं. ने पोरीला तिथं."

"भगतानं डाक्तराच्या दारात जायचा? लोक हसतील."

"हसू दे. हसण्यानं तुला गाव सोडाया नाय लागत. तुझ्या बोलण्यानं ढवळूला लागल."

सुकऱ्या उठला. मग त्यानं मला घोंगडीत गुंडाळून पाठीला बांधलं आणि ढवळूच्या घरी गेला.

अशी आमची वरात निघाली. पुढं ढवळू, त्याच्या खांद्यावर धाकली, मागं पाय ओढत माघी, आणि शेवटी भगत आणि त्याचं सूप. वाटेत ओढा ओलांडताना सुकऱ्याचा पाय घसरला आणि त्याच्या कमरेची नागलीची पुरचुंडी पाण्यात गेली. "अपशकुन," तो पुटपुटला. मित्रांनो, शकुन-अपशकुनातलं मला फारसं कळत नाही. पण त्या पुरचुंडीनं बुडून जे काम केलं, ते कोरडी राहून केलं नसतं.

टिपणीस डॉक्टरांचा हा दवाखाना तेव्हा दोनच खोल्यांचा होता. दारात मंगळू नावाचा कंपाउंडर बसलेला. त्यानं मला सुकऱ्याच्या पाठीवरून डोकावताना पाहिलं आणि हसून म्हणाला, "भगतबाबा, तुम्हीच इथं आलात, मग आमच्या रोग्यांनी आता जावं कुठं?" सुकऱ्याचे कान लाल झाले. पण तो मागं फिरला नाही.

डॉक्टर उंच, चष्म्याचे, कमी बोलणारे. त्यांनी धाकलीची नाडी पाहिली, डोळे पाहिले, छातीला नळी लावली. मग जे केलं, ते त्यांच्याकडून कुणालाच अपेक्षित नव्हतं. ते माघीकडे वळले. "आणि बाई, तुम्हाला झोप लागते का?"

माघीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला हुंदका फुटला. बारक्या गेल्यापासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. जो तो पोरीबद्दलच विचारत होता.

तिला शांत होऊ देऊन डॉक्टर म्हणाले, "पोरगी अशक्त आहे, पण तिच्या शरीरात रोग नाही. दुखणं मनाला आहे. त्याची बाटली माझ्या कपाटात नाही. ठाण्याला वेड्यांचं मोठं इस्पितळ आहे, पण हिला वेड लागलेलं नाही. हिच्या छातीवर कसलं तरी ओझं आहे, ते इथंच उतरायला हवं, हिच्या माणसांत." मग त्यांनी सुकऱ्याला जवळ बोलावलं. "भगत, माझ्याकडे लोक जीभ दाखवतात. तुमच्याकडे जीभ सोडतात. तुम्ही काय करता ते इथं करा. मी बाजूला बसून बघतो."

सुकऱ्यानं घोंगडी सोडली, मला काढलं, आणि मग त्याला आठवलं की नागली ओढ्यात गेली. मंगळूनं घरातून मूठभर तांदूळ आणून दिले. सुकऱ्यानं ते माझ्यात टाकले आणि चिंतेनं धाकलीकडे पाहिलं. ढवळूनं तिला घट्ट धरलं होतं.

धाकली किंचाळली नाही. तिनं वाकून पाहिलं. मग तिचा हात पुढं आला. तांदळात एक खडा होता. तिनं तो चिमटीत उचलला आणि जमिनीवर ठेवला, जशी ती रोज आईशेजारी बसून ठेवायची.

सुकऱ्यानं कपाळावर हात मारला.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा चुकला," सुकऱ्या म्हणाला. "पोर सुपाला भीत नाय, डाक्तर. नागलीला भीत. आणि मी काय बोललो! काय बोललो मी!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पोर भाकर का नाकारते, हे दोन महिने सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. सुकऱ्यानं मला बाजूला सरकवलं. तांब्याभर पाणी मागून घेतलं, धाकलीला आपल्या हातानं पाजलं आणि विचारलं, "जेवलीस का गो?"

तिनं मान हलवली. नाही.

"नागलीनं तुला काय केला?"

बाहेर बाजार भरला होता. कुणी मिरच्या विकत होतं, कुणी कोंबड्या. आत कुणी हलत नव्हतं. सुकऱ्या पुन्हा काही बोलला नाही, नुसता बसून राहिला, आणि असं बसून राहायला भगतच लागतो.

"मी खाल्ली," धाकली म्हणाली. गंज चढलेल्या कडीसारखा आवाज होता तो. "नवा नव्हता झाला. मी कणसं भाजून खाल्ली. बारक्याला पण चारली. मग कणसरीनं त्याला नेला."

तुमच्यातल्या बाजारपेठेतल्या मुलांना सांगायला हवं. आमच्याकडे नवं पीक आलं, की पहिलं कणीस कणसरी देवीला वाहायचं. त्याला नवा म्हणतात. नवा झाल्याशिवाय नवीन दाणा कुणी तोंडात घालत नाही. धाकलीनं घातला, भावाला भरवला, आणि आठ दिवसांनी भाऊ गेला. एवढंसं पोर ते एवढं मोठं ओझं घेऊन दोन महिने गप्प बसलं होतं.

माघी सरपटतच लेकीजवळ आली. "अगो, तुझ्यानं नाय! मी म्हणत व्हते, माझ्यानंच गेला. त्याला ताप व्हता तरी मी शेतावर राखणीला गेले." ती लेकीला पोटाशी धरून रडली आणि धाकलीही रडली, पहिल्यांदाच. ढवळू भिंतीकडे तोंड करून उभा होता. मंगळू उगाच बाटल्या पुसत होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "या जव्हारात ज्या घरांनी कधी नागली खाल्ली नाही, तिथंही माणसं गेली," ते म्हणाले. "ताप कुणाचं ताट बघत नाही. पण भगत, हे मी सांगितलं तर ती ऐकून घेईल, मानणार नाही. कणसरीबद्दल तिला तुमचंच पटेल. आणि एका दिवसात काही व्हायचं नाही. दर बाजाराला हिला आणा. आईलाही आणा."

ते दर बाजाराला येत राहिले. धाकली हळूहळू बोलू लागली, तांदळाची पेज पिऊ लागली. माघीनं पुन्हा चूल पेटवली. डॉक्टर दोघींशी बोलत, सुकऱ्या शेजारी बसून अडलेला शब्द सोडवत असे. पण नागली पुढं आली की पोर अजून थरथरायची. एक दिवस तिनं सुकऱ्याला विचारलं, "कणसरी मला माफ करल का?" डॉक्टरांनी सुकऱ्याकडे पाहिलं. सुकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की या माणसाच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

पौषाची पुनव आली. सकाळीच सगळा पाडा खळ्यावर जमला. सोम्या कारभारी मध्ये बसला. ढवळूनं आपलं बोचकं खरोखरच बांधून ठेवलं होतं. सुकऱ्या मला घेऊन आला आणि खळ्याच्या मधोमध ठेवून उभा राहिला.

"ही पोर भुताळी नाय," तो म्हणाला. "मी बोललो, तो मी चुकलो."

"भगत कसा चुकंल?" सोम्या म्हणाला. "भगत चुकला त आम्ही कुणाकडं जावा?"

"माणूस हाय, चुकंल. ऐका." सुकऱ्यानं धाकलीनं काय केलं ते सांगितलं. खळ्यावर कुजबुज वाढली. नव्याच्या आधी खाल्लं! त्यानं हात वर केला. "कणसरी आई हाय का वैरीण? पोरानं चोरून खाल्ला, म्हणून आई त्याला मारून टाकते का? आज मी दाणे मोजून इचारणार नाय. आज तुम्हीच सांगा. ज्यानं लहानपणी नवा व्हायच्या आधी चोरून खाल्ला, त्यानं एक मूठ नागली या सुपात टाकावी. पहिली माझी." त्यानं मूठ टाकली. "नऊ वरसाचा व्हतो. माळ्यावर राखणीला बसलो आणि पाच कणसं भाजली. आजपर्यंत बायकोला पण सांगितला नाय."

"मला म्हाईत व्हता," नवशी म्हणाली. "झोपेत बोलतोस." आणि तिनं आपली मूठ टाकली.

मग कुणी पुढं येईना. मला वाटलं, संपलं. एवढ्यात मागून कुणीतरी खो खो हसलं. पाड्यातली सगळ्यात म्हातारी, काळी, काठी टेकत येत होती. "मी त दर साली खाल्ली!" तिच्या तोंडात एकही दात नव्हता. "सासूच्या पाठीमागं! आणि सासू माझ्या पाठीमागं खायची!" तिनं मूठ टाकली आणि खळ्यावर हशा पिकला.

त्यानंतर मुठी पडतच गेल्या. कुणी वाल खाल्ला होता, कुणी ओलं भात. नवरे बायकांकडे बघत होते, पोरं आईबापांकडे डोळे विस्फारून बघत होती. मी भरत चाललो, कडेपर्यंत आलो, शीग लागली. शेवटी सगळ्यांचे डोळे सोम्या कारभाऱ्यावर गेले. त्यानं पागोटं सारखं केलं, खाकरला. "काकडी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि नागली पण." त्यानं दोन मुठी टाकल्या.

"आता तू गो," काळीनं हाक मारली.

धाकली पुढं आली. समोर नागलीची रास होती. माघीनं तिच्या ओंजळीत दाणे दिले. धाकलीनं डोळे मिटले आणि मूठ माझ्यात सोडली.

"एवढीच?" काळी म्हणाली. "बारक्याची पण टाक. त्यानं पण खाल्लीन ना?"

धाकलीनं दुसरी मूठ घेतली. या वेळी डोळे उघडे ठेवून तिनं ती माझ्या डाव्या कडेला हलकेच टाकली. आणि मित्रांनो, हौशीनं एवढं घट्ट विणलेला मी, त्या मुठीला कर्रकन तडकलो. दाणे खळ्यावर घरंगळले. "माझा सूप!" नवशी ओरडली, पण ती हसत होती. मीही पहिल्यांदाच हसलो असेन. ती म्हण अगदीच खोटी नव्हती तर.

ती नागली नवशीनं तिथंच दळली. भाकरी भाजल्या. पहिली भाकर कणसरीला दाखवून सुकऱ्यानं धाकलीच्या हातावर ठेवली. तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावला. मग दुसरा. मग अख्खी भाकर. ढवळूनं बारक्या गेल्यापासून आढ्याला लटकलेला तारपा आणला आणि भर सकाळी फुंकला. बायका धाकलीला मधे घेऊन नाचल्या, त्याच बायका ज्या घागरींवर पदर धरत होत्या. ढवळूचं बोचकं कुणी सोडलं ते मला माहीत नाही, पण दुपारी त्यातली घोंगडी पुन्हा त्याच्या झोपडीत पसरलेली होती.

"भगत," सोम्या जेवताना म्हणाला, "आता आम्ही तुझ्याकडं यावा का नाय?"

"आता त जास्त यावा," सुकऱ्या म्हणाला. "आणि माझ्यासंगं जव्हारला पण यावा."

आणि लोक आले! त्या बाजारापासून टिपणीस डॉक्टरांनी या ओसरीवर सुकऱ्याला चटई टाकून दिली, आणि तडकलेला मीही त्याच्याबरोबर इथंच राहिलो. आत डॉक्टर, बाहेर भगत. पोशेऱ्याहून, वांगणीहून, मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यांवरून आईबाप आपली मुलं घेऊन यायला लागले. अंथरूण ओलं करणारी, दचकून उठणारी, आई गेल्यावर खाणं सोडलेली. पूर्वी अशी पोरं घराच्या कोपऱ्यात लपवत. आता चटईवर बसवत. फेफरं असलं तर डॉक्टर औषध देत, मनाचं दुखणं असलं तर दोघं मिळून ऐकत. पोराबरोबर आईचीही विचारपूस व्हायची, बापाचीही. आधी हसणारे दुसरे भगतही पुढं आपापली माणसं घेऊन आले. मंगळूनं आपली थट्टा बदलली. "भगतबाबा, चटई पुरत नाही, दुसरी आणू का?" असं तो विचारायला लागला. आमच्या पाड्यावर त्यानंतर कुठल्याही पोरावर तो शब्द पडला नाही. एकदाही नाही.

वर्षं गेली. सुकऱ्या गेला, नवशी गेली. मध्यंतरी मी कोपऱ्यात बाटल्यांच्या खोक्यामागं धूळ खात पडलो होतो. एका नव्या कंपाउंडरनं मला सरपणात टाकायला बाहेरही नेलं. तेवढ्यात एक बाई ओसरीवर चढली आणि तिनं मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "या सुपानं मला बोलाया लावला," ती म्हणाली, आणि मला पुसून या खिळ्यावर टांगलं. ती धाकली होती. आता सुकऱ्याच्या चटईवर तीच बसते. पोरांना आधी पाणी देते आणि विचारते, "जेवलास का?"

मित्रांनो, आम्ही सुपं एकच काम जाणतो. फोल उडवायचं आणि दाणा राखायचा. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखादं पोर अचानक गप्प झालं, तर त्याच्यावर शब्द फेकू नका. त्याला पाणी द्या, जवळ बसा, वाट बघा. त्याच्या आईलाही विचारा की झोप लागते का. आणि तुमच्यावरच तशी वेळ आली, तर लपून बसू नका. इथवरची वाट लांब आहे, ओढा आहे, चढ आहे. पण एक म्हातारा भगत लाज गिळून ती चालला होता, तुम्हालाही चालता येईल. मी काय, एक तडकलेलं सूप. पण माझी काळजी घेणारं कुणीतरी होतं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

दर वर्षी नवा झाला, की धाकली मला खाली काढते आणि नव्या नागलीच्या दोन मुठी माझ्यात टाकते, एक आपली, एक बारक्याची. चिरेतून चार दाणे जमिनीवर सांडतात. ती खाली बसते, एकेक दाणा वेचते आणि तोंडात टाकते.